कुचकेपणाची वही

लिहिण्याचा मला काही अधिकार नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. आयुष्यभर मी सरकारी कचेरीत टिपणे लिहिली. त्यांत कर्ता नसे, भावना नसे आणि शक्यतो अर्थही नसे. निवृत्तीनंतर नॉएडातल्या अकराव्या मजल्यावर बसून, वयाच्या बासष्टाव्या वर्षी माणसाचे चित्र काढायला घेणे हे धाडसच आहे. त्यातून ज्यांच्याविषयी लिहिणार आहे, त्यांच्याविषयी निदान मी तरी लिहू नये, असे मला अनेकदा वाटले. दोन वेळा कागद फाडले. तिसऱ्यांदा लिहिते आहे. जमले नाही तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आमच्या सुभेदारसाहेबांइतका निर्मळ माणूस मी पाहिला नाही, आणि माणसाच्या बारीकसारीक दुष्टपणातले त्यांच्याइतके कळणाराही दुसरा कुणी पाहिला नाही. पोहता न येणाऱ्या माणसाने नदीचे सगळे डोह मोजून ठेवावेत, तसे त्यांचे होते. दिल्लीच्या आर. के. पुरममधल्या आमच्या ब्लॉकच्या तळमजल्यावर ते लेकीकडे राहत. लेक केंद्र सरकारच्या एका खात्यात अधिकारी, क्वार्टर तिच्या नावावर. पण दारावरच्या पाटीवर सुभेदारसाहेबांनी स्वतःच्या हाताने ‘आत मराठी बोलतात’ एवढेच रंगवले होते. त्यामुळे कुरिअरवाल्यांची पंचाईत होई आणि मराठी माणसांची सोय. अठराव्या वर्षी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून ते पलटणीत भरती झाले, अक्षर सुरेख म्हणून लवकरच कचेरीत कारकून झाले, आणि पुढे बंदुकीपेक्षा लेखणीच अधिक चालवली. छावणीतल्या फॅमिली क्वार्टर्समध्ये बायकांचे भांडण झाले की त्याचा अहवाल लिहिणे हे त्यांचे काम. “नळावर सातारा, कोल्हापूर, बीड, नगर, सगळे जिल्हे हंडे घेऊन एका रांगेत,” ते सांगत, “आणि मॅडम, प्रत्येक जिल्ह्याची डसायची तऱ्हा निराळी!” आठ-आठ दिवस खपून, टोचणीवर टोचणी रचत उभे केलेले ते भांडण हिंदी अहवालात उतरवायचे, तर हाती एकच शब्द उरे: कहासुनी, म्हणजे बाचाबाची. कर्नलसाहेब विचारत, “बस, कहासुनी?” हे म्हणत, “जी साब.” पण एवढ्या कारागिरीची एका शब्दात वासलात लावणे हा त्या बायकांवर धडधडीत अन्याय आहे, असे त्यांना मनापासून वाटे.

म्हणून त्यांनी खरी नोंद वेगळी ठेवायला सुरुवात केली. जाड पुठ्ठ्याची, लांबट, लष्करी खाक्याची वही. डाव्या पानावर शब्द आणि त्याचा अर्थ. उजव्या पानावर ज्या वाक्यामुळे तो शब्द सुचला ते वाक्य, जसेच्या तसे, बोलणारीच्या जिल्ह्यासह. टोमणा, खवचटपणा, आकस, डूख, खोडसाळपणा, जळकुकडेपणा, खार खाणे, काडी घालणे. तीस वर्षांत दोनशेच्या वर शब्द जमले होते. ‘खवचट’समोर कोल्हापूरच्या एका बाईचे वाक्य होते: “तुमच्या हातची भाकरी झ्याक हो. आमच्या ह्यांच्या दातांना तेवढाच व्यायाम.” ‘जळकुकडी’समोर नगरची बाई शेजारणीच्या तुळशीविषयी बोलत होती: “आमच्या आधी मंजिऱ्या आल्या म्हणं. चोरून खत घालत असंल.” आणि ‘डूख’समोर बीडच्या बाईचे ते वाक्य, जे वाचून मी पहिल्यांदा या वहीच्या प्रेमात पडले: “चार वर्षांमागं तू मला विरजण न्हाई म्हणालीस. आज माझ्याकडं सुई न्हाई.” चार वर्षे, चार बदल्या, तीन राज्ये पालथी घालून ते विरजण त्या बाईने मनात जपले होते! सुभेदारसाहेब हे वाक्य वाचून दाखवताना टोपी काढत.

या सगळ्या शब्दांना त्यांनी हुद्दे दिले होते. खोडी म्हणजे नवा रंगरूट. उत्साह फार, नेम नाही. टोमणा नाईक. खवचटपणा हवालदार, कारण त्याला अक्कल लागते. आकस सुभेदार, कारण त्याला सबुरी लागते. डूख थेट कर्नल. मी एकदा विचारले, “आणि कुचकेपणा?” त्यावर त्यांनी चष्मा पुसला. “त्याला हुद्दा न्हाई, मॅडम. तो सिव्हिलियन.” मग म्हणाले, “खवचट माणूस समोर येऊन बोलतो. डूख धरणारा वाट बघतो, म्हंजे मेहनत करतो. कुचक्याला काहीच लागत न्हाई. त्याला स्वतःला काही मिळतही न्हाई. दुसऱ्याचं चांगलं होणार असतं ते जरासं अडतं, बस. आणि केलेलं दिसत न्हाई कुणाला. बऱ्याच वेळा करणाऱ्यालासुद्धा न्हाई.” त्या दिवशी मी हसले होते, हे मला नीट आठवते.

त्यांच्या या व्यासंगाचा मोठा तोटा असा, की त्यांना टोचून बोलणे अशक्य होते. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू बोलण्यात तिखट. एका गणपतीत त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, “सुभेदार, शर्ट फार शोभतोय तुम्हाला. गेल्या तीन गणपतींत असाच शोभला.” आम्ही सगळे जमिनीकडे पाहू लागलो. सुभेदारसाहेब मात्र ताठ उभे राहिले, कडक सलाम ठोकला, खिशातून पेन काढले आणि म्हणाले, “वहिनी, एकदा परत म्हणा, सावकाश. ‘तीन’ आधी की ‘गेल्या’ आधी?” काकूंना परत म्हणावे लागले. दुसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज इतका खाली गेला, की संध्याकाळी त्यांनी शेवयांची खीर करून तळमजल्यावर पाठवली. खीर खाऊन सुभेदारसाहेबांनी वहीत ‘जिल्हा: पुणे, हल्ली मुक्काम दिल्ली’ अशी नोंद केली. दिल्लीकरांच्या शिवीगाळीबद्दल मात्र त्यांचे मत चांगले नव्हते. दुधाच्या बूथवर रांग मोडली म्हणून एकाने त्यांना काही वाईट शब्द सुनावले, तेव्हा ते हिरमुसून घरी आले. “सरळ अंगावर येतात हो. चिमटाच न्हाई. यात लिहायचं काय?”

दिल्लीत वाढलेल्या मराठी मुलांची त्यांना खरी काळजी. रविवारी सकाळी कडुलिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ते मुलांना गाठत. “सांग बघू, खवचट म्हंजे काय?” तिसऱ्या मजल्यावरची आठवीतली मुलगी म्हणे, “अंकल, वो... सारकॅस्टिक टाइप?” सुभेदारसाहेब कळवळत. “टाइप न्हाई, बाळ! सारकॅस्टिक कुणीबी होतो. खवचट व्हायला घरात दोन म्हाताऱ्या लागतात.” आठवडाभरात त्या मुलीने घरी आईला, “मम्मी, यार, तू बिल्कुल कुचकी आहेस,” असे ऐकवले. आई तक्रार घेऊन खाली आली. सुभेदारसाहेबांनी सगळे लक्ष देऊन ऐकले आणि विचारले, “पण वापर बरोबर होता का?” आईने प्रामाणिकपणे विचार केला. म्हणाली, “होता.” तिथेच तक्रार मिटली.

आता मला माझ्याकडे यायला हवे.

आमचे छोटेसे मराठी मंडळ होते. सगळे सदस्य मंत्रालयांतले, त्यामुळे मंडळही मंत्रालयासारखेच चाले. गणपतीच्या मोदकांत बेदाणे घालावेत की नाही याचीही फाइल असे, हिरव्या कागदावर टिपण असे, आणि तीन सह्यांनंतर बेदाणे येत, तेव्हा गणपती गेलेला असे. मी प्रकाशन सचिव होते. म्हणजे वर्षातून एक स्मरणिका काढत होते. त्या वर्षीच्या कोजागिरीला, किती तरी दिवस धीर गोळा करून, मी स्वतः लिहिलेला एक लेख वाचला. माहेरच्या घराविषयीचा होता. आयुष्यात पहिल्यांदा चार लोकांसमोर काही वाचत होते. टाळ्या वाजल्या. अध्यक्षांनी सुभेदारसाहेबांना दोन शब्द बोलायला सांगितले. ते उठले, विचारात पडले आणि म्हणाले, “भाषा एक नंबर. पण मॅडम, तुमच्या घरात कुणी कुणावर चिडतच न्हाई. सगळेच भले. असं घर मी तरी बघितलं न्हाई.” लोक हसले. हसण्यात वाईट काही नव्हते. बोलण्यात तर नव्हतेच; घरी आल्यावर लेख पुन्हा वाचला तेव्हा मलाही दिसले, की ते म्हणतात ते अगदी खरे आहे. पण खरे आहे हे कळल्याने राग जातो थोडाच? मसाला दुधाचा तो पेला माझ्या हातात तसाच निवला.

दोन महिन्यांनी अध्यक्षांना कल्पना सुचली, की सुभेदारसाहेबांची वही मंडळाने छापावी. गणपतीत मुलांना वाटावी. उद्या या मुलांना हे शब्द सांगणारे कुणी उरणार नाही. सर्वांना ती कल्पना आवडली. फाइल अभिप्रायासाठी माझ्याकडे आली आणि सोबत वहीही आली. मी ती दोन दिवसांत संपूर्ण वाचली. इतके जिवंत मराठी मी कित्येक वर्षांत वाचले नव्हते. आणि वाचून झाल्यावर मी हिरव्या कागदावर लिहिले: ‘उपक्रम स्तुत्य आहे. तथापि मजकुराच्या स्वरूपाविषयी कृपया चर्चा करावी.’

सरकारी कचेरीत न वावरलेल्यांना यातले काही खटकणार नाही. आमच्याकडे ‘चर्चा करावी’ असे लिहितात ते चर्चा होऊ नये म्हणून. नाही म्हणायचे असते, पण नाही म्हटल्याचे कुठे दिसायला नको असते. असा शेरा पडलेली फाइल कपाटात जाते, आणि पुढे तिच्याविषयी विचारणे हे असभ्यपणाचे समजतात. अध्यक्षांनी शेरा वाचला, माझ्याकडे एकदा पाहिले आणि फाइल बाजूला ठेवली. मला कुणी काही विचारले नाही. माझा काही फायदा झाला नाही. वही मात्र सुभेदारसाहेबांकडे परत गेली आणि तिच्याबरोबर माझ्या शेऱ्याची प्रतही गेली.

सुभेदारसाहेब कचेरीत तीस वर्षे होते. पण ती पलटणीची कचेरी. तिथे कागदावर ‘चर्चा करावी’ असे आले, की चर्चा होते: वार, वेळ, जागा ठरते आणि माणसे पाच मिनिटे आधी येऊन उभी राहतात. त्यांनी मला जिन्यात गाठले. “मॅडम, चर्चा किती वाजता?” मी म्हटले, “पुढच्या बैठकीत बघू.” पुढच्या बैठकीला ते इस्त्रीचा शर्ट घालून, वही प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन, मागच्या खुर्चीवर हजर. विषय निघाला नाही. त्यांनीही काढला नाही. कार्यक्रमपत्रिकेत नसलेला विषय काढणे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हते. निघताना म्हणाले, “तोवर मीच जरा बघून घेतो. स्वरूपाविषयी म्हंजे, माझ्या ध्यानात आलं. जिल्ह्यांची नावं नको होती. लोकांना लागतं.”

त्या बैठकीनंतर पुढचे दीड वर्ष मी कुणाला सांगितलेले नाही. दर बैठकीला ते येत, आणि दर वेळी वही थोडी कमी झालेली असे. “जिल्हे काढले, मॅडम.” “बरं.” “ती भाकरीची बाई अजून हयात आहे म्हणे. तिचं वाक्य काढलं. म्हातारपणी कशाला दुखवा?” “बरं.” “मुलांच्या हातात जाणार. जरा नागडं वाटतं ते सगळंच काढावं म्हणतो. तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला खटकलं म्हंजे काही तरी असणार.” प्रत्येक वेळी, अहो, काही काढू नका, मला काहीच खटकलेले नाही, असे वाक्य माझ्या ओठांवर येई. एवढे बोलायला अर्धे मिनिट पुरले असते. पण ते बोलले की, मग शेरा का लिहिलात, हा प्रश्न आला असता, आणि त्याचे उत्तर द्यायला मला कोजागिरीपाशी जावे लागले असते. मी “बरं” म्हणत राहिले. स्वभावाने मी बुजरी आहे, हे मला फार उपयोगी पडले.

मग त्यांच्या लेकीची सिकंदराबादला बदली झाली. सामान बांधून झाल्यावर एका सकाळी ते वर आले. हातात मोठा, लाख लावून बंद केलेला लिफाफा. आत नवी करकरीत, बारीकशी वही. सुरेख अक्षरात दोनशे शब्द, प्रत्येकासमोर एका ओळीत अर्थ. उजवी पाने नव्हतीच. चाळता चाळता शेवटी एक टाइप केलेला कागद निघाला. मी वाचला: ‘प्रमाणित करण्यात येते की सदर वहीची जुनी प्रत, पाने एकशे शहाण्णव, कालबाह्य झाल्याने आज रोजी जाळून नष्ट करण्यात आली.’ खाली त्यांची सही, साक्षीदार म्हणून लेकीची सही.

“जुनी वही...?” मी विचारले.

“नियमच तसा हाय, मॅडम. सुधारलेली प्रत तयार झाली की जुनी ठेवायची न्हाई. घोटाळा होतो. ब्लॉकच्या मागं, पत्र्याच्या डब्यात. पानं वेगळी करून जाळली, न्हाईतर मधलं जळत न्हाई.” माझा चेहरा पाहून त्यांना वाटले, मला कार्यवाहीविषयी शंका आहे. समजावणीच्या सुरात म्हणाले, “फिकीर नको. राखसुद्धा पाण्यात कालवून टाकली. आता चर्चा होऊ द्या बिल्कुल निवांत, मी नसलो तरी चालतंय.”

लेकीने खालून “आप्पा, गाडी आली!” अशी हाक मारली. मी त्यांच्या पाया पडले. ते संकोचले, म्हणाले, “अहो, तुम्ही ऑफिसर, मी सुभेदार.”

पुढच्या गणपतीला ती पुस्तिका निघाली. या वेळी फाइलवर मी इतक्या झटपट ‘मान्य’ लिहिले, की अध्यक्षांनाही आश्चर्य वाटले. मुलांना वाटली. आरती झाल्यावर मी मांडवात गेले, तर निम्म्याहून अधिक प्रती खुर्च्यांवर तशाच पडलेल्या. मुलांचा दोष नव्हता. ‘डूख: मनात दीर्घकाळ धरलेला राग’ हे वाचून कोणते मूल थांबेल? ते विरजण तिथे नव्हते, सुई नव्हती. दहा प्रती सिकंदराबादला पाठवल्या. त्यांचा फोन आला. “फार सुबक झालंय, मॅडम. तुमच्या चर्चेनं काम शिस्तीत आलं. पहिली वही म्हंजे नुसता नळावरचा गलका होता, आता कळतं.” पहिल्या पानावर त्यांच्याच आग्रहावरून छापले आहे: ‘मॅडमच्या मौलिक सूचनांनुसार संस्कारित.’

या गोष्टीला आता सहा वर्षे झाली. सुभेदारसाहेब ब्याऐंशीचे आहेत. दिवाळीत आणि गुढीपाडव्याला त्यांचा फोन येतो. तब्येत ठीक आहे, कान कमी झाले आहेत, तिकडच्या कॉलनीत मराठी माणूस एकच भेटला आणि तोही फार सज्जन निघाला, अशी तक्रार असते. गेल्या पाडव्याला मात्र बोलता बोलता ते थांबले. मग जरा ओशाळून म्हणाले, “मॅडम, तुम्ही जुनी वही वाचली होती ना? ती साताऱ्याची बाई, कुचकेपणासमोरची. काय म्हणाली होती हो ती? आठ दिवस आठवतोय. तसं ते गैरच होतं, काढलं ते बरंच झालं. पण रात्रंदिवस जिभेवर येतं आणि येत न्हाई.” मलाही आठवले नाही. काकूंचे सोडले, तर दोनशे वाक्यांपैकी मला चार आठवतात. तीन वर लिहिली आहेत, चौथे अर्धे आहे. मी म्हटले, “आठवून सांगते.” ते म्हणाले, “सावकाश. घाई न्हाई.”

त्यांना अजून काही वाक्ये येत असतील. कुणी शेजारी बसून विचारले, तर पन्नास तरी निघतील. विमानाने सिकंदराबाद काही लांब नाही. पण ती विचारायची तर आधी हे सांगावे लागेल, की त्या वाक्यांत गैर काहीच नव्हते, चर्चा कधी झालीच नाही, आणि ‘मौलिक सूचना’ एका कोजागिरीच्या रागातून निघाली होती. न सांगितले, तर आपण तीस वर्षे जमवलेले सगळ्यांत चांगले ते जाळण्याच्याच लायकीचे होते, असे समजून ते शांतपणे राहतील. मी दोन वेळा तिकीट काढले आणि दोन्ही वेळा रद्द केले. वाचकहो, ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला हे आता सांगावे का?